इंजिनची टकटक आणि तीन मिस्त्र्यांची तीन मतं

पत्र, थोडं कापून: "दादा नमस्कार. आमची २०१३ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९८ हजार किलोमीटर झालेत, २०१९मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवलंय. गेले तीन आठवडे सकाळी गाडी चालू केली की बॉनेटमधून टकटकटक आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढतो, आणि पाच-सात मिनिटांनी बराच कमी होतो, कधीकधी पूर्ण जातो. एक मिस्त्री म्हणाला टॅपेट वाजतायत. दुसरा म्हणाला इंजिन बांधायला आलंय, ४५ हजार लागतील. तिसरा म्हणाला जाड ऑइल टाका, आवाज बंद होईल. बाबा म्हणतात विकून टाक. आम्हाला गणपतीला पुण्याहून कणकवलीला जायचंय, तीन आठवडे राहिलेत. गाडी न्यावी का? (जूनमध्ये सोसायटीबाहेरच्या स्पीडब्रेकरला खालून जोरात घासली होती पण तेव्हा काही झालं नव्हतं.) आणि खाली चेंबर गार्ड बसवून घेऊ का?"

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही कंसात टाकलीत. स्पीडब्रेकरवाली. ती वाचली आणि मी पत्र परत पहिल्यापासून वाचलं.

पण त्याच्या आधी एक विचारतो, त्या तिघांपैकी एकाने तरी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढून बघितली का? पत्रात तर कुठे दिसत नाही. तिघांनी नुसतं बॉनेट उघडून कान लावला आणि निकाल दिला, आणि त्यातला एक निकाल ४५ हजारांचा. कानाने बरंच कळतं हे खरंय, मुरलेला मिस्त्री नुसत्या आवाजावरून पुष्कळ सांगतो, पण बॉनेटखालचं सगळं एकमेकांना बोल्टने आवळलेलं असतं त्यामुळे आवाज एका ठिकाणी होतो आणि ऐकू भलत्याच ठिकाणी येतो. म्हणून आधी फुकटातल्या गोष्टी.

उद्या सकाळी गाडी सपाट जागेवर असेल तर चालू करायच्या आधीच ऑइलची पट्टी काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, परत काढा आणि बघा. दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. बऱ्याच लहान गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो आणि पूर्ण इंजिनात ऑइल असतंच तीन-साडेतीन लिटर, म्हणजे पट्टीच्या टोकाला जेमतेम लागलेलं ऑइल ही किती मोठी तूट आहे ते बघा. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल घालून लेव्हल करा आणि दोन दिवस आवाज ऐका, कित्येकदा गोष्ट इथेच संपते. मग गाडी रात्री जिथे उभी असते तिथे खाली एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर काळे ठिपके दिसले तर चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला, जूनमधली जखम असू शकते असं समजायचं.

डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालवताना कधी लागलाय का, हेही लिहिलं नाहीत. हा दिवा ऑइल कमी झालं म्हणून लागत नाही, ऑइलचं प्रेशर गेलं की लागतो, आणि तो लागेपर्यंत प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं. त्यामुळे तो लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ वगैरे काही नाही, बाजूला घ्या, इंजिन बंद, टो करून न्या. चालू करताना क्षणभर लागून विझतो तो वेगळा, तो लागलाच पाहिजे.

आता आवाजाकडे. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो यावर माझा जास्त भरवसा असतो, कारण टक, टिक, खट, ठक हे प्रत्येकाच्या कानाला वेगळं लागतं पण थंड आणि गरम यात कोणाची गल्लत होत नाही. तुमचा आवाज थंड इंजिनात येतो आणि गरम झाल्यावर जातो. कनेक्टिंग रॉडचं, पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलं असेल, म्हणजे ज्यासाठी इंजिन खाली उतरवून बांधतात ते, तर शक्यतो उलटं होतं. गरम झालं की ऑइल पातळ होतं, झिजलेल्या बेअरिंगमध्ये ते टिकत नाही, आणि आवाज वाढतो. शिवाय तो टकटक नसतो, खोल ठक-ठक असतो, कोणीतरी आतून हातोडीने दार वाजवतंय तसा, आणि गाडीवर जोर आला की जास्त. म्हणून ४५ हजारवाल्या भाऊंना सध्या राम राम.

सीएनजीच्या इंजेक्टरची रेल, म्हणजे इंजिनात गॅस सोडणाऱ्या इंजेक्टरांची पट्टी, पण जाम टिकटिक करते, बाहेरून बसवलेल्या किटमध्ये तर जास्तच, आणि तेच ऐकून लोक घाबरून गॅरेज गाठतात. पण तुमचं किट थंड असताना गाडी पेट्रोलवर चालू करत असेल आणि गरम झाल्यावर गॅसवर टाकत असेल, बहुतेक किट तसंच करतात. म्हणजे रेलचा आवाज असता तर तो गरम झाल्यावर सुरू झाला असता. तुमचं बरोबर उलटं आहे. तरी एक दिवस स्विच दाबून पूर्ण पेट्रोलवर चालवून बघा, फुकट आहे.

मग इंजिन थंड असताना वाजणारं आणि गरम झाल्यावर गप्प बसणारं काय काय असतं? माझ्या यादीत पहिला नंबर एक्झॉस्टच्या लीकेजचा, आणि ते तुमच्या स्पीडब्रेकरमुळे. गाडी खालून घासली की मार नेहमी चेंबरलाच बसतो असं नाही, कित्येकदा सायलेन्सरच्या पुढच्या पाइपला बसतो. तो पाइप वर मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांना, जोडलेला असतो, खाली दणका बसला की वरचा जॉइंट ओढला जातो, पॅकिंग किंचित सरकतं किंवा एखादा स्टड ढिला होतो. त्या दिवशी काहीच कळत नाही. मग रोजच्या थरथराटाने आणि गरम-थंड होण्याने ती फट वाढत जाते आणि महिन्या-दीड महिन्याने एका सकाळी टकटक सुरू. जळालेला गॅस प्रेशरने त्या बारीक फटीतून बाहेर पडतो तेव्हा जो फट्-फट् आवाज होतो तो बॉनेटबाहेर उभं राहून ऐकला की हुबेहूब टॅपेटसारखा लागतो, चांगले चांगले फसतात. आणि मॅनिफोल्ड तापलं की लोखंड फुगतं, फट आपोआप बंद होते, आवाज गायब. पाच-सात मिनिटं म्हणालात ना? जुळतंय. अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढतो, तेही जुळतंय.

हे तपासायचं कसं ते सांगतो, पण मोकळ्या जागेत, बंद पार्किंगमध्ये अजिबात नाही. इंजिन पूर्ण थंड असताना कोणालातरी चालू करायला सांगा आणि मॅनिफोल्डच्या जॉइंटपाशी बघा, काजळीची काळी रेघ उठलेली दिसते का. स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी घेऊन पहिल्या अर्ध्या मिनिटात जॉइंटवर मारलं तर लीक असेल तिथे बुडबुडे येतात, त्यानंतर मारू नका, मॅनिफोल्ड फार पटकन तापतं. दुसरी युक्ती म्हणजे एकाने हातमोजे घालून जाड ओलं फडकं मागे सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरायचं, लीक असेल तर पुढचा आवाज त्या दोन सेकंदांत मोठा होतो कारण गॅसला दुसरी वाट उरत नाही. ओढणी, मोकळे केस, लांब बाह्या बेल्ट-फॅनच्या आसपास नकोत, फॅन तर इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.

हे लीकेज असेल तर ते फक्त आवाजाचं दुखणं नाही. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बॉनेटखाली लीक असलं की तो एसीच्या हवेतून केबिनमध्ये शिरू शकतो. तुम्ही काचा बंद करून, मागे मुलं झोपलेली, आठ-नऊ तास जाणार. म्हणून हा जॉइंट निघायच्या आधी झालाच पाहिजे. काम मोठं नाही, पॅकिंग स्वस्त असतं, मजुरी धरूनही त्या ४५ हजारांच्या जवळपास कुठे जात नाही. फक्त गंजलेला स्टड तुटला तर मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो आणि त्याची चिडचिड होते, तेवढं समजून घ्या.

आता टॅपेट, कारण पहिला मिस्त्री चूकच असेल असं मी म्हणत नाही. व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये हवा घेणारी, धूर सोडणारी झडप) आणि त्याला दाबणारा कॅम किंवा रॉकर यांच्यामध्ये मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते, केसाच्या दोन-तीन पट जाडीची. कारण गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, फटच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटणार नाही. ही फट झिजून वाढली की प्रत्येक फेऱ्याला टिक. पद्मिनी, अँबॅसेडर, मारुती ८००च्या काळात ही फट स्क्रूने सेट करायची असायची, फीलर गेजची, फट मोजायची, पात आत सरकवायची, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा, रविवार सकाळचं काम. तेव्हापासून आपल्याकडे "टॅपेट सेट करून घ्या" हे वाक्य प्रत्येक आवाजावरचं औषध होऊन बसलंय, तापाला क्रोसिन तसं.

पण आजकाल सगळ्या इंजिनात स्क्रू नसतो. काहींमध्ये अजून आहे, काहींमध्ये बाटलीच्या बुचासारखे बकेट असतात, फट बदलायची तर कॅम काढून वेगळ्या जाडीचे बकेट किंवा शिम (पातळ चकत्या) घालावे लागतात, आणि काहींमध्ये हायड्रॉलिक टॅपेट असतात ते ऑइलच्या प्रेशरने स्वतःची फट स्वतः भरून काढतात, तिथे सेट करण्यासारखं काही नसतंच. म्हणून त्या पहिल्या मिस्त्रीला एवढंच विचारा, "भाऊ, ह्या इंजिनात टॅपेट कुठल्या प्रकारचे आहेत आणि मॅन्युअलमध्ये फट किती दिलीये?" उत्तर आलं तर माणूस कामाचा. हायड्रॉलिक टॅपेटवालं इंजिन "सेट करून देतो" म्हणाला तर चहा पिऊन निघा. हायड्रॉलिक असतील तर सकाळची टकटक बऱ्याचदा जुन्या घाण ऑइलची असते, रात्रभरात ऑइल उतरून जातं आणि परत भरायला वेळ लागतो, तेव्हा शेवटचं ऑइल आणि फिल्टर कधी बदललं ते बघा. वर्ष उलटून गेलं असेल तर बाकी काहीही करायच्या आधी ते बदला.

आणि सीएनजीवाल्यांनी हे नीट वाचा. कोरड्या गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो मिटल्यावर टेकतो ती जागा, लवकर झिजते, सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होत जाते. वाढत नाही, कमी होते. म्हणजे आवाज येत नाही, उलट इंजिन छान गुळगुळीत वाटतं. पण फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड होतो तो मुख्यतः सीटला टेकल्यावरच. टेकला नाही की कडेने जळायला लागतो, कॉम्प्रेशन जातं, गाडी मिसिंग मारते आणि मग हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम निघतं. त्यामुळे थोडं वाजणारं टॅपेट मला चालतं, पूर्ण गप्प झालेल्या टॅपेटची मला जास्त भीती वाटते. आवाज घालवायचा म्हणून कोणी फट मॅन्युअलपेक्षा कमी करून देत असेल तर देऊ देऊ नका. आणि किट बसवल्यापासून तुमची फट कोणी मोजलीच नसेल तर एकदा मोजून घ्या, आवाज असो वा नसो. इंजिन थंड असतानाच मोजतात, दुपारी गाडी घेऊन गेलात आणि त्याने लगेच कव्हर उघडलं तर तो आकडा भरवशाचा नाही. गाडी रात्री त्याच्याकडे ठेवा.

लीक की टॅपेट की खालचं बेअरिंग, हे वेगळं काढायची एक चांगली टेस्ट आहे, ती मात्र मिस्त्रीकडून करून घ्या. इंजिन पेट्रोलवर चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं, म्हणजे तेवढ्या सिलिंडरमध्ये जाळ होत नाही. टॅपेटचा आवाज असेल तर काही फरक पडत नाही कारण व्हॉल्व्ह तसेच उघडत-मिटत राहतात. एखादं कनेक्टर काढल्यावर आवाज एकदम मऊ झाला तर तो त्या सिलिंडरच्या जोराशी बांधलेला आहे, म्हणजे एक्झॉस्ट लीक किंवा रॉड, आणि या दोघांतला फरक थंड-गरमवरून आपण आधीच केलाय. काही मिस्त्री इंजेक्टरऐवजी स्पार्क प्लगचं कनेक्शन काढतात, ते नको, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. दहा मिनिटांची टेस्ट आहे. तुमच्या तिघांपैकी कोणीच केली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, सकाळी थंड असताना एक आणि पंधरा मिनिटांनी एक, दोन्ही वेळा आरपीएमचा काटा किती होता ते बोलून ठेवा. नंतर स्लो करून मोजता येतं. ८०० आरपीएमला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, सेकंदाला तेराएक वेळा फिरतो आणि कॅम त्याच्या निम्मा, म्हणजे एकच टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला साडेसहा-सात टकटक. थंड इंजिनात आरपीएम जास्त असतो, त्या हिशोबाने आकडा वाढवायचा. क्रँकच्या वेगाने वाजतंय असं निघालं तर नजर पुलीकडे आणि खाली न्यायची. सगळ्यात मोठा फायदा वेगळाच, गाडी गॅरेजला नेली की गरम झालेली असते आणि आवाज हमखास गायब असतो, डॉक्टरकडे गेल्यावर खोकला जातो तसा, तेव्हा रेकॉर्डिंग दाखवता येतं.

माझीच फजिती सांगतो. आमच्या आधीच्या गाडीला अशीच टिकटिक होती, मी दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोनदा टॅपेट सेट करून घेतले, पैसे गेले, आवाज तसाच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, मूठ कानाला लावली, टोक एकेका ठिकाणी टेकवत गेला आणि दोन मिनिटांत मॅनिफोल्डवरच्या पत्र्याच्या झाकणाचा तुटलेला बोल्ट दाखवला. पत्रा थरथरत होता. एक वायसर आणि एक बोल्ट. त्याने पैसेसुद्धा घेतले नाहीत, वर म्हणाला पहिल्या दोघांनी घेतलेत तेवढे बास. म्हणून तुमच्याकडे पण तो पत्रा हाताने, थंड असताना, हलवून बघाच. जूनच्या दणक्याने तोही ढिला झालेला असू शकतो.

जाड ऑइलचं काय? नको. २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल टाकलं की आवाज दबतो हे खरंय, म्हणूनच जुनी गाडी विकताना लोक ते टाकतात. पण तुमचा आवाज थंड इंजिनातला आहे आणि जाड ऑइल इंजिन थंड असतानाच वरपर्यंत पोचायला सर्वात जास्त वेळ घेतं, म्हणजे जिथे आत्ता ऑइलची घाई आहे तिथेच उशीर. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच.

एक तपासणी मात्र पैसे देऊन कराच, कारण खालून मार लागलाय. चेंबरला पोचा आला असेल तर आतली ऑइल ओढणारी जाळी चेंबरच्या तळाच्या अगदी जवळ असते, तळ वर दाबला गेला की ती जाळी अर्धी बंद होते. पट्टीवर ऑइल भरपूर दिसतं, साध्या चालवण्यात काही कळत नाही, आणि चढावर किंवा हायवेला आरपीएम वाढला की ओढ कमी पडते. गाडी लिफ्टवर घेऊन चेंबर बघा, पोचा असेल तर ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे गेज लावून इंजिन गरम असताना मोजायला सांगा. मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशोब असतो दर हजार आरपीएमला १० पीएसआय (प्रेशरचं माप), पक्का आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. खंबाटकी चढताना आणि परत येताना फोंडा घाटाच्या चढाला हे महत्त्वाचं आहे, तिथे रात्री पावसात गाडी बंद पडली तर तुम्ही मलाच शिव्या द्याल.

तर न्यायची का? लीक असेल आणि बंद झालं, ऑइल नवीन, प्रेशर बरोबर, तर खुशाल न्या. टॅपेट थोडं वाजतंय, फट मोजून मर्यादेत आहे, तरीही न्या, आवाजासकट. प्रेशर कमी आलं किंवा आवाज गरम इंजिनात वाढायला लागला तर नका नेऊ, एसटी आहे, ट्रेन आहे, तिकिटं मात्र आजच बघा कारण गणपतीची गर्दी तुम्हाला मी सांगायला नको. आणि बाबांना सांगा, वाजणारी गाडी आत्ता विकायला काढली तर गिऱ्हाईक पहिला आवाज ऐकणार आणि जॉइंटचं पॅकिंग असलं तरी भाव इंजिनकामाचा पाडणार. आधी आवाज शोधा, विकायचं काय ते दिवाळीनंतर.

चेंबर गार्ड बसवा, कोकणातल्या रस्त्यांना उपयोगी पडतो. फक्त दोन गोष्टी बघा, ऑइल काढायच्या बोल्टखाली त्याला भोक हवं नाहीतर दर सर्व्हिसिंगला गार्ड उतरवायची मजुरी लागते, आणि बोल्टखाली रबरी वायसर घालून घ्या, नाहीतर तो पत्राच वाजायला लागेल आणि तुम्ही मला परत पत्र लिहाल.